दोघांसाठी एकच शोकगीत

वाचन : १ शमुवेल ३१, २ शमुवेल १, १ राजे १९



नोव्हेंबर हा आपल्या मृतांचा महिना. सर्व मृत भाविकांच्या स्मरणदिनाआधी चर्चच्या दाराशी पाकिटे ठेवलेली असतात. आपण ती घरी नेतो, आजी-आजोबा, आईवडील, अकाली गेलेले भाऊ-बहीण यांची नावे लिहितो आणि वेदीजवळच्या पेटीत टाकतो. मग महिनाभर मिस्साबलीत त्यांच्यासाठी प्रार्थना होते. ही पाकिटे उघडताना दरवर्षी एक गोष्ट आमच्या ध्यानात येते. काही घरांतून एक नाव येत नाही. त्या घरातला मृत्यू सगळ्या आळीला ठाऊक असतो, परंतु ज्याने स्वतःचा जीव संपवला त्याचे नाव कागदावर उतरवताना घरच्यांचा हात अडखळतो.

याच महिन्यात, ११ तारखेला, संत मार्टिन यांचा सण येतो. रोमी सैन्यातला हा तरुण आपल्या झग्याचे दोन तुकडे करून अर्धा भिकाऱ्याला देणारा. योगायोग असा, की १९१८ साली पहिले महायुद्ध थांबले तेही ११ नोव्हेंबरलाच. पुढे ७ डिसेंबरला आपल्या देशात सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. या निमित्ताने आज आपण सैनिकांच्या मृत्यूचा विचार करू या. रणात पडलेल्यांचा, आणि रणातून जिवंत परतून नंतर हरपलेल्यांचाही.

१. कोणाची नावे कोरली जातात?

नवी दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय युद्धस्मारकाचे उद्घाटन झाले. तेथे ग्रॅनाइटच्या पाट्यांवर स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांत व मोहिमांत कामी आलेल्या जवानांची नावे कोरली आहेत. उद्घाटनाच्या वेळी ती २५ हजार ९४२ होती. त्याआधीचे इंडिया गेट इंग्रजी राजवटीतल्या सैनिकांचे. पहिल्या महायुद्धात हिंदी सैन्यातील सुमारे ७४ हजार माणसे मरण पावली, पण त्या कमानीवर १३ हजारांच्या आसपासच नावे आहेत. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली स्वतःच्या जुन्या दप्तरांची तपासणी करून जाहीर कबुली दिली, की आशिया आणि आफ्रिकेतील हजारो मृत सैनिकांचे स्मरण गोऱ्या सैनिकांच्या बरोबरीने केले गेले नाही. अनेकांचे तर नावानिशी स्मरणच झाले नाही. आयोगाने त्याबद्दल क्षमा मागितली. म्हणजे रणात पडलेल्यांची यादीसुद्धा आपोआप पूर्ण होत नाही. कोणाला मोजायचे हे आधी कोणीतरी ठरवलेले असते.

आपल्या मुलखाने हे मोजणे गावपातळीवर केले आहे. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द लागतो. या एका गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात मरण पावले आणि त्यांची आठवण गावाने जपली. आपल्या जवळपास पाहायचे तर डोंबिवलीत घरडा सर्कलजवळ शहीद कॅप्टन विनयकुमार सच्चान यांचे स्मारक आहे. कामावर जाता-येता आपल्यापैकी कितीतरी जण त्यावरून जातात. मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे ७ ऑगस्ट २०१८ रोजी काश्मीरमधील गुरेझ भागात धारातीर्थी पडले, तेव्हा अवघे शहर रस्त्यावर उतरले होते. हा सन्मान योग्यच आहे. त्यात काडीचीही कमतरता असू नये.

२. यादीबाहेर कोण राहते?

सैन्याच्या दप्तरी मृत्यूचे प्रकार असतात. शत्रूशी लढताना आलेला मृत्यू ‘बॅटल कॅज्युअल्टी’ आणि आजार, अपघात वगैरेंनी आलेला ‘फिजिकल कॅज्युअल्टी’. त्यानुसार कुटुंबाचे निवृत्तिवेतनही बदलते. लढाईत गेलेल्यांच्या कुटुंबाला ‘लिबरलाइज्ड’, सेवेच्या कारणाने मृत्यू आला तर ‘स्पेशल’ आणि बाकीच्यांना ‘ऑर्डिनरी’ फॅमिली पेन्शन. सरकारला कुठेतरी रेघ ओढावीच लागते, हे आपण समजून घेऊ शकतो.

आता दुसरी बाजू. जुलै २०२२ मध्ये संसदेत दिलेल्या उत्तरानुसार आधीच्या पाच वर्षांत तिन्ही सैन्यदलांतील ८१९ जणांनी आत्महत्या केली. भूदलातील ६४२, हवाई दलातील १४८ आणि नौदलातील २९. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल अशी जी केंद्रीय सशस्त्र पोलीस दले आहेत, त्यांत २०१८ ते २०२२ या काळात ६५४ आत्महत्यांची नोंद झाली.

हे आकडे वाचताना घाई करू नये. सैन्यात समाजापेक्षा अधिक आत्महत्या होतात, असा निष्कर्ष यातून निघत नाही. देशात २०२२ साली दर लाख लोकांमागे १२.४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, आणि भूदलाचे मनुष्यबळ बारा लाखांच्या घरात आहे, हे लक्षात घेतले तर दोन्ही प्रमाणे एकमेकांच्या जवळपास येतात. मात्र सैनिक हा तपासून, निवडून घेतलेला निरोगी तरुण असतो. त्याला नोकरी असते, वेतन असते, सोबतीला पलटण असते. तरीही तो इतरांइतकाच खचत असेल, तर ती विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

हे झाले सेवेत असलेल्यांचे. निवृत्त झालेल्यांचे काय? अमेरिकेत सैनिकांच्या सेवेच्या नोंदी आणि मृत्यूच्या राष्ट्रीय नोंदी एकमेकींशी जुळवून दरवर्षी माजी सैनिकांच्या आत्महत्यांचा अहवाल निघतो. तेथील ब्राऊन विद्यापीठाच्या प्रकल्पाने २०२१ साली एक अंदाज मांडला. २००१ नंतरच्या युद्धमोहिमांत अमेरिकेचे ७ हजार ५७ सैनिक कामी आले होते. त्याच युद्धांच्या पिढीतील सेवेतले व माजी मिळून ३० हजार १७७ जणांनी आत्महत्या केल्या होत्या. चौपटीहून अधिक. शत्रूच्या गोळीने जितके गेले, त्याहून कितीतरी जास्त जण घरी, आपल्या माणसांत परतल्यावर गेले.

आपल्या देशात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी आत्महत्यांचा अहवाल प्रसिद्ध करतो. २०२२ साली देशात १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यांत २२ हजार ७४६ महाराष्ट्रातल्या, सर्व राज्यांत सर्वाधिक. या अहवालात व्यवसायानुसार रकाने असतात : गृहिणी, विद्यार्थी, रोजंदार, पगारदार, निवृत्त व्यक्ती इत्यादी. ‘माजी सैनिक’ असा रकाना त्यात नाही. आपला जवान साधारण पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतो आणि पुष्कळदा दुसरी नोकरी धरतो. ठाण्यापासून कल्याणपर्यंत कोणत्याही मोठ्या संकुलाच्या फाटकावर विचारून पाहा, पहारेकऱ्यांमध्ये एखादा तरी माजी जवान निघेल. असा माणूस उद्या खचून गेला, तर तो ‘खासगी नोकरदार’ किंवा ‘निवृत्त’ म्हणून मोजला जाईल. त्याची पंधरा-सतरा वर्षांची सैनिकी त्या आकड्यात दिसणार नाही. २०२२ साली आलेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर २५ टक्क्यांपर्यंतच तरुण पुढे कायम होतात. म्हणजे विशी-पंचविशीतले माजी सैनिकही आपल्या वस्त्यांत परतणार आहेत. जे मोजलेच जात नाही, त्याची काळजी कोण घेणार?

३. देवळाली आपल्यापासून दूर नाही

ही व्यथा आपल्या भागाला नवी नाही. कल्याणहून कसारा घाट चढून गेले की इगतपुरीपुढे देवळाली स्टेशन येते. इंग्रजांच्या काळात सेवा संपलेले गोरे सोजीर तेथील छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत महिनोन्‌महिने पडून राहत. काम नाही, कवायत नाही, उन्हाळा, ताप आणि दारू. कित्येकांचे डोके फिरे. इंग्रजीत वेड लागलेल्या माणसाला ‘डूलाली’ म्हणतात, तो शब्द आपल्या देवळालीवरून पडला. पूर्वी त्यापुढे ‘टॅप’ असेही जोडत. तो आपला ‘ताप’. लढाई संपली होती, बंदूक जमा झाली होती, घर समोर दिसत होते, आणि नेमक्या त्या वेळी माणसे मोडत होती.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळही हजारो सैनिकांसाठी मोठी छावणी उभी राहिली. पुढे १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींत आसरा मिळाला आणि १९४९ साली त्या वस्तीचे नाव उल्हासनगर झाले. आजही तेथे पत्ता ‘कॅम्प नंबर’ने सांगतात. सैनिक गेले, नाव राहिले. सैनिकाचे मन मात्र कोणत्याच नावात राहत नाही.

आपली मराठी या बाबतीत उदार आहे. सीमेवर पडलेल्याविषयी आपण म्हणतो, ‘त्याने देशासाठी जीव दिला.’ घरात हताश होऊन गेलेल्याविषयीही म्हणतो, ‘त्याने जीव दिला.’ दोन्ही वाक्यांत शब्द तेच. फरक आपल्या आवाजात पडतो. पहिले वाक्य आपण मान ताठ ठेवून बोलतो, दुसरे इकडेतिकडे पाहून. पवित्र शास्त्र या फरकाविषयी काय सांगते ते पाहू.

४. शौल आणि योनाथान

गिलबोवाच्या डोंगरावर पलिष्ट्यांशी लढाई झाली. राजपुत्र योनाथान लढता लढता पडला. त्याचा पिता शौल राजा घायाळ झाला, शत्रू जवळ येताना पाहून त्याचा धीर सुटला आणि त्याने स्वतःच्या हाताने मरण पत्करले. आजच्या भाषेत सांगायचे तर एकाच दिवशी, एकाच रणभूमीवर, एकाच घरातले दोन मृत्यू : एक लढाईतला, एक आत्महत्या.

दाविदाला बातमी कळली. आणणाऱ्याने ती जरा वेगळी सांगितली, पण शौलाने स्वतःच मरण मागितले हे तिच्यातही होते. शौलाने दाविदाला वर्षानुवर्षे छळले होते. दाविदाने त्याला नावे ठेवली असती, तर कोणी दोष दिला नसता. पण दाविदाने वस्त्रे फाडली, उपास केला आणि एक शोकगीत रचले. दुसऱ्या शमुवेलाच्या पहिल्या अध्यायात ते आहे, घरी काढून वाचा. एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. त्याने योनाथानासाठी एक आणि शौलासाठी दुसरे, असे केलेले नाही. दोघांसाठी एकच शोकगीत आहे. दोघे जिवंतपणी एकमेकांना प्रिय होते आणि मृत्यूनेही त्यांना वेगळे केले नाही, असे तो म्हणतो. कोण कसा मेला याचा हिशेब त्यात नाही.

याबेश-गिलादच्या लोकांचे वागणे तर आपण गिरवावे असे आहे. शत्रूने शौलाचे शव विटंबना करून गावकुसावर टांगले होते. हे लोक रातोरात चालत गेले, त्याचे व त्याच्या पुत्रांचे देह उतरवून आणले, त्यांच्या अस्थी झाडाखाली पुरल्या आणि सात दिवस उपास केला. त्यांनी हे का केले? फार वर्षांपूर्वी याच शौलाने त्यांचे नगर संकटातून सोडवले होते. त्यांनी शौलाची शेवटची घटका धरून ठेवली नाही, त्याचे सारे आयुष्य आठवले. पुढे दाविदाने त्यांना आशीर्वाद दिला.

५. ख्रिस्तसभा काय शिकवते?

आता कोणी विचारील, ‘फादर, मग आत्महत्या पाप नाही का?’ प्रश्न रास्त आहे आणि उत्तरही स्पष्ट द्यायला हवे. जीवन हे देवाचे दान आहे. आपण त्याचे राखणदार आहोत, मालक नाही. संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकात हे ठामपणे मांडले. संत थॉमस अक्वायनस यांनी तीन कारणे दिली : आत्महत्या स्वतःवरील स्वाभाविक प्रेमाविरुद्ध, समाजाविरुद्ध आणि देवाविरुद्ध जाते. ही शिकवण आजही तशीच आहे.

परंतु कृत्य चुकीचे आहे असे म्हणणे वेगळे आणि ते करणारा माणूस किती जबाबदार होता हे ठरवणे वेगळे. पाप होण्यासाठी पूर्ण जाणीव आणि मोकळी इच्छा लागते. १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथाने म्हटले आहे, की गंभीर मानसिक विकार, यातना किंवा तीव्र भीती यांमुळे ही जबाबदारी कमी होते, आणि अशा व्यक्तींच्या तारणाविषयी आपण आशा सोडू नये. देव त्यांच्यापर्यंत आपल्याला ठाऊक नसलेल्या वाटेने पोहोचू शकतो. म्हणूनच ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते.

ख्रिस्तसभा पूर्वी अशी बोलत नव्हती, हे आपण प्रामाणिकपणे मान्य करू या. १९१७ च्या धर्मकायद्यानुसार जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारला जाई. १९८३ च्या नव्या कायद्यात ते कलम राहिले नाही. आज अशा घरातल्या माणसासाठी मिस्साबली होतो आणि दफनविधीही होतो. ज्यांना हे अजून ठाऊक नसेल, त्यांनी आज ते नीट ऐकावे.

सैन्यात मात्र ती रेघ कायम आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये एका अग्निवीराच्या मृत्यूनंतर वाद झाला, तेव्हा सैन्याने सांगितले की, स्वतःच्या हातून मृत्यू आल्यास १९६७ च्या आदेशानुसार लष्करी इतमामात अंत्यसंस्कार होत नाहीत. २००१ पासून दरवर्षी असे १०० ते १४० मृत्यू होत आले आहेत, हेही सैन्याने त्याच वेळी सांगितले. सैन्याचे नियम सैन्याने ठरवावेत. पण बंदुकीची सलामी मिळाली नाही, म्हणून त्या आईच्या मुलाला आपल्या चर्चमधली घंटाही मिळू नये, असे तर होऊ नये ना?

६. परतलेल्या सैनिकाची जखम

युद्धाहून परतणारा माणूस अंतःकरणात काही घेऊन येतो, हे जुन्या ख्रिस्तसभेला कळत होते. चौथ्या शतकात संत बेसिल यांनी युद्धात माणसे मारलेल्यांना खुनी ठरवले नाही. पण त्यांनी तीन वर्षे परमप्रसादापासून दूर राहावे, असे सुचवले. आज हा नियम कठोर वाटेल. त्यामागची जाण पाहावी : अशा माणसाला सावरायला अवधी लागतो, आणि त्या काळात समाजाने त्याची वाट पाहायची असते.

संत इग्नेशियस लोयोला आपल्या सर्वांच्या परिचयाचे. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि सैनिकी कायमची सुटली. पुढच्या वर्षी मान्रेसा येथे, जुन्या पापांच्या आठवणींनी ते इतके ग्रासले गेले, की जीव देण्याचा विचार त्यांच्या मनात पुन्हापुन्हा येई. हे त्यांनी स्वतःच आपल्या आत्मकथनात सांगून ठेवले आहे, लपवले नाही. संतपदाला पोचलेल्या एका माजी सैनिकाला हा विचार येऊ शकतो, तर आपल्या शेजाऱ्याला तो आला म्हणून त्याची श्रद्धा कमी, असे कोण म्हणेल?

एलिया संदेष्ट्याचेही तेच. मोठा विजय मिळवून तो रानात गेला आणि झुडपाखाली बसून त्याने देवाकडे मरण मागितले. देवाने प्रथम काय केले? उपदेश केला नाही, रागावला नाही. त्याला झोपू दिले. दूताकरवी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, एकदा नव्हे, दोनदा. मग चालायला लावले, मग त्याचे गाऱ्हाणे ऐकून घेतले. ‘मी एकटाच उरलो,’ असे तो म्हणत होता. देवाने त्याला आकडा सांगितला : सात हजार उरले आहेत. आणि अलीशासारखा सोबती दिला. आकडे असेही वापरता येतात, एकट्याला तो एकटा नाही हे कळावे म्हणून.

७. आपण काय करावे?

पहिले, विचारावे. कोणी सतत गप्प राहू लागला, झोप उडाली, दारू वाढली, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागला, ‘माझे ओझे आता कोणाला नको’ असे बोलू लागला, तर त्याला बाजूला घेऊन सरळ विचारावे : ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तसा विचार मनात भरतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने ओझे हलके होते.

दुसरे, सोबत जावे. ‘डॉक्टरकडे जा’ म्हणणे सोपे, बरोबर जाणे महत्त्वाचे. ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. सैन्यदलांतील लोकांसाठी तिचा खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना २००३ पासून आहे, आणि ठाण्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून आपल्या शेजारी आहे. आपण त्याचे नाव फक्त थट्टेत घेतो. ही थट्टा आजपासून थांबवू या.

तिसरे, कायद्याला भिऊन लपवू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरले जाते आणि त्याच्यावर उपचार व पुनर्वसन करणे हे सरकारचे कर्तव्य ठरते.

चौथे, शोकाच्या घरी जावे. लढाईत गेलेल्याच्या घरी आपण रांगा लावून जातो. दुसऱ्या घरी दार लोटलेले असते आणि आपण जिन्यावरूनच परत फिरतो. याबेश-गिलादचे लोक रात्रभर चालले. आपल्याला दोनच मजले चढायचे आहेत.

समूहसभेत विचारासाठी

१. आपल्या इमारतीत किंवा आळीत माजी सैनिक कोण आहेत? त्यांचे नाव आपल्याला माहीत आहे का?
२. याबेश-गिलादच्या लोकांनी शौलाची कोणती आठवण जपली? ज्याच्याविषयी आपण दबक्या आवाजात बोलतो, त्याची अशी कोणती आठवण आपल्याजवळ आहे?
३. एलियाला देवाने दिलेल्या भाकरीसारखे काय आपण या आठवड्यात कोणाला देऊ शकतो?

पाकिटे अजून चर्चच्या दाराशी आहेत. ज्यांच्या घरचे एक नाव लिहायचे राहून गेले आहे, त्यांनी ते आज लिहावे. मृत्यूचे कारण लिहायची गरज नाही, नाव पुरे. वेदीवर सगळी नावे एकाच पेटीत ठेवली जातात आणि सर्वांसाठी एकच मिस्साबली अर्पण होतो.

प्रार्थना : हे दयाळू पित्या, रणांगणावर पडलेल्या आणि निराशेच्या अंधारात हरपलेल्या तुझ्या सर्व लेकरांना तुझ्या घरी विसावा दे. मागे राहिलेल्या आईवडिलांना, पत्नीला, मुलांना धीर दे. आज रात्री ज्याला एकटे वाटत आहे, त्याच्या दारी आमच्यापैकी कोणाला तरी पाठव. आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताद्वारे. आमेन.